परीक्षेपुरते

दिवाळी अंकात शस्त्रक्रियेच्या परीक्षेविषयी लिहावे, हे काहींना अप्रशस्त वाटेल. फराळाच्या ताटाशेजारी कात्री-चिमट्यांचा विषय कशाला, असे कोणी म्हटले तर त्याला मी दोष देणार नाही. परंतु मला ज्याविषयी लिहायचे आहे तो प्रश्न एकट्या डॉक्टरांचा नाही. या दिवसांत घराघरांतून एखादे मूल मागच्या खोलीत पुस्तकात डोके खुपसून बसलेले असते. चकल्यांचा पहिला घाणा निघाला की आई त्याला बशी नेऊन देते आणि दार हलकेच लोटून घेते. ते मूल जे वाचते ते आवडीने वाचते की परीक्षेत विचारतील म्हणून, हे आपण त्याला कधी विचारीत नाही. विचारूही नये; उत्तर आपल्याला ठाऊक असते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. परीक्षेपुरते मिळविलेले ज्ञान कोणत्या प्रतीचे? आणि ते ज्ञान दुसऱ्या माणसाच्या वेदनेतून निघालेले असेल, तर गुण मिळविण्यासाठी ते वापरणे उचित आहे काय?

पुष्कळ विषयांत या प्रश्नाला धार नसते. पानिपतची तिसरी लढाई १७६१ साली झाली, हे पाठ करून कोणी उत्तरपत्रिकेत लिहिले आणि घरी पोचेपर्यंत विसरून गेले, तरी भाऊसाहेबांचे त्यात काही अधिक-उणे होत नाही. शस्त्रक्रियेचे तसे नाही. तेथे विसरलेल्या वाक्याला पुढे कधीतरी एखादे पोट, एखादी मान, एखादा हात भेटतो.

शस्त्रक्रिया शिकविण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. परीक्षेच्या टेबलाच्या अलीकडे मी बसलो आणि पलीकडेही बसलो. एम.एस.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. त्या तीन वर्षांत निवासी डॉक्टर म्हणून राबणाऱ्या मुलामुलींना झोप किती मिळते, हे त्यांच्या आयांनाच विचारावे. वॉर्ड, ओपीडी, थिएटर, पुन्हा वॉर्ड, आणि मध्ये कुठेतरी लिहून काढायचा एक प्रबंध. शेवटी परीक्षा: चार लेखी पेपर, मग प्रत्यक्ष रोगी तपासून दाखविणे, मग तोंडी. या परीक्षेला दोन तऱ्हेचे वाचन लागते. एक पाठ्यपुस्तकांचे, त्यांतले बेली आणि लव्ह यांचे पुस्तक १९३२ साली निघाले, ते एकामागून एक आवृत्त्या काढीत आजही प्रत्येकाच्या उशाशी असते. दुसरे वाचन वैद्यकीय नियतकालिकांचे, ज्यांना आमच्याकडे सरसकट जर्नल म्हणतात. पुस्तकात जे असते ते निवांत झालेले ज्ञान. जर्नलात असते ते अजून धडपडणारे. गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवले की काही वेळाने वर निवळ येते आणि खाली गाळ बसतो. पुस्तक ही वरची निवळ. जर्नल म्हणजे नुकतेच विहिरीतून काढलेले पाणी, पालापाचोळ्यासकट.

मग परीक्षार्थी जर्नलाकडे जातो कशाला? खरे सांगायचे तर पुष्कळदा चमकण्यासाठी. तोंडी परीक्षेत 'सर, अमुक साली तमुक जर्नलात असे आले आहे' असे एखादे वाक्य टाकले की परीक्षक मान वर करून पाहतो, हे पिढ्यान् पिढ्या मुलांना माहीत आहे. या वाक्यासाठी संपूर्ण लेख वाचावा लागत नाही. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर गोषवारा असतो. त्याचीही शेवटची दोन वाक्ये पुरतात. लग्नाला न जाता नुसता आहेर पाठवावा, तसे हे वाचन. आणि याचा मला राग येतो असेही नाही, कारण अठ्ठेचाळीस तास न झोपलेल्या पोराने दोन वाक्ये तरी वाचली, हे थोडे नव्हे. परंतु त्या दोन वाक्यांच्या खाली काय असते, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्या पुण्याची आहे. १७९४ सालच्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आले. हे काही वैद्यकीय नियतकालिक नव्हे. कविता, मृत्युवार्ता, देशोदेशीच्या हकीकती असे सर्व काही देणारे ते मासिक, एका अर्थी आपल्या दिवाळी अंकांचेच पूर्वज. पत्राखाली 'बी. एल.' एवढीच सही. पत्रात कावसजी नावाच्या एका बैलगाडीवानाची हकीकत होती. इंग्रज फौजेबरोबर असताना तो १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक करून दिले. कसे, तेही पत्रात नीट लिहिले होते. मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या ठिकाणी बसवून पाहायचा, मग सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ आखायची आणि तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन्ही भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली राखायची, म्हणजे रक्त वाहते राहील. मग ती कातडी पीळ देऊन खाली नाकावर आणायची. सांधा धरून ठेवायला टाके नव्हते. पाण्यात कालविलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक बसवायच्या. चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वळकट्या, भोके बुजू नयेत म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती चिंचोळी पट्टी कापून टाकायची. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे समक्ष पाहिले होते.

विड्यात लावायचा कात आणि पुरणपोळीवर घ्यायचे तूप! लंडनच्या वाचकांनी ती हकीकत नवल म्हणून वाचली असेल आणि पान उलटले असेल. जोसेफ कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने मात्र पान उलटले नाही. हिंदुस्थानात राहून आलेल्या लोकांकडे त्याने चौकशी केली. मृतदेहांवर ती क्रिया करून पाहिली. आणि योग्य रोगी येण्याची वाट पाहिली. तो यायला वीस वर्षे लागली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, भूल देण्याची विद्या अजून तीस वर्षे दूर असताना, त्याने एका लष्करी अधिकाऱ्याच्या कपाळाच्या कातडीचे नाक केले, आणि १८१६ मध्ये त्या रोग्याची आणि आणखी एकाची हकीकत छापली. तेथून ती क्रिया युरोपात पसरली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या पत्रावर थबकतात.

या गोष्टीत मला तीन माणसे दिसतात आणि तिघांशी आपला व्यवहार निराळा आहे. कार्प्यूचे नाव राहिले, कारण त्याने लिहिले. कावसजीचे राहिले, कारण त्याच्याविषयी लिहिले गेले. ज्याच्या बोटांत ती विद्या होती त्या पुण्याच्या माणसाचे नाव मात्र पत्रात नाही. त्याच्या जातीचा धंदा तेवढा आहे. त्याने कोणती परीक्षा दिली नव्हती आणि कोणते मासिक वाचले नव्हते. हे वाचून काही लोक हळवे होतात आणि म्हणतात, पाहा, परीक्षेवाचून विद्या कशी शुद्ध राहते! मला तसे वाटत नाही. त्या वीटकऱ्याचा हात चांगला होता म्हणून त्याची हकीकत झाली. ज्याचा हात वाईट होता अशा दुसऱ्याकडे कोणी गेले असेल, तर त्याची हकीकत लिहायला कोण बसले होते? परीक्षा ही मुळात रोग्याच्या सोयीची गोष्ट आहे. भूल दिलेल्या माणसाला आपल्या पोटात कोणाचा हात शिरला हे पाहता येत नाही. त्याच्या बायकोला बाहेरच्या बाकावर बसून ते ओळखता येत नाही. तिच्या वतीने कोणीतरी आधी पाहून ठेवलेले असावे, एवढ्यासाठी परीक्षा. म्हणून परीक्षेपुरते वाचणाऱ्याला मी हसत नाही. हेतू स्वार्थाचा असला तरी वाचन त्या बाईच्या कामाला येऊ शकते.

आणि वाचनाचा हेतू एवढा निर्भेळ कोणाचा असतो? जेम्स पॅजेट हा एकोणिसाव्या शतकातला मोठा इंग्रज शस्त्रवैद्य. लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात तो शिकत होता तेव्हा फाटकाजवळच्या एका पाववाल्याच्या दुकानावर काही विद्यार्थ्यांनी खोली घेतली होती. तेथे ते जर्नले वाचीत आणि संध्याकाळी पत्तेही खेळीत. पुढे १८७५ साली माँट्रिऑलमध्ये विल्यम ऑस्लरने वर्गणी काढून असेच मंडळ चालविले, कारण एकट्याच्या खिशाला ती नियतकालिके परवडत नव्हती. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आठवड्याला 'जर्नल क्लब' भरतो. तेथे समोसे असतात म्हणून येणारे मी पाहिले आहेत. समोसा खाता खाता कानावर पडलेली गोष्टही पुढे उपयोगी पडते.

तेव्हा हेतूचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. खरी अडचण निराळीच आहे. परीक्षेला बरोबर उत्तर लागते. आणि बरोबर उत्तर म्हणजे आज जे बरोबर समजले जाते ते. या दोहोंतले अंतर कधी कधी भयंकर असते.

अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले. तेथे विल्यम हॉल्स्टेड याने तरुण शस्त्रवैद्यांना वर्षानुवर्षे रुग्णालयातच ठेवून, पायरीपायरीने जबाबदारी देत शिकविण्याची पद्धत बसविली. आज आपल्या मुली 'रेसिडेन्सी करते आहे' असे म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी हा माणूस आहे. याच हॉल्स्टेडने १८९४ साली स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेची हकीकत पन्नास रोग्यांसह छापली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सर्व एकसंध काढायचे. कर्करोग जवळून दूर असा क्रमाक्रमाने सरकत जातो, तेव्हा जितके दूरवर कापावे तितके बरे, हा त्यामागचा तर्क होता. तर्क स्वच्छ होता, हात कुशल होता, आणि शिष्यांची परंपरा त्यानेच निर्माण केलेली होती. ते शिष्य प्राध्यापक झाले, प्राध्यापक परीक्षक झाले. शिकविणारी व्यवस्था आणि शिकविलेली गोष्ट एकाच माणसाच्या हातून निघाल्यावर शंका कोणी काढायची?

काढली, नाही असे नाही. पॅजेटच्याच रुग्णालयात जेफ्री केन्स याने १९२० नंतरच्या दशकात रेडियम वापरून लहान शस्त्रक्रियेवर भागविण्याचे प्रयोग केले आणि ते छापलेही. कोणी फारसे मनावर घेतले नाही. शेवटी पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशरने १९७१ साली मोठी चाचणी सुरू केली. १,६६५ स्त्रिया तीत सामील झाल्या. कोणावर हॉल्स्टेडची मोठी शस्त्रक्रिया करायची आणि कोणावर लहान, हे काखेत गाठी लागत नव्हत्या त्यांच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दैवावर सोडले; गाठी लागत होत्या त्यांनाही तसेच दोन उपायांत वाटले. डॉक्टरांनी फिशरवर आग पाखडली. पंचवीस वर्षांचा निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला: मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नव्हते. मिलानच्या व्हेरोनेसीने तर १९८१ सालीच ७०१ स्त्रियांच्या चाचणीतून, लहान गाठ असेल तर सगळा स्तनही काढावा लागत नाही असे दाखविले होते.

जवळजवळ ऐंशी वर्षे. त्या ऐंशी वर्षांत किती विद्यार्थी त्या उत्तरावर उत्तीर्ण झाले असतील, आणि किती बायका खोल गेलेली छाती आणि सुजून जड झालेला हात पदराखाली झाकून उरलेले आयुष्य जगल्या असतील! त्यांच्यात कोणी खोटे बोलत नव्हते. विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर होते. परीक्षकाचे गुण बरोबर होते. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. एखाद्या लबाडीच्या हकीकतीहून अधिक करते. लबाडी पकडता येते. लंडनच्या 'लॅन्सेट'ने १९९८ साली बारा मुलांवरचा एक निबंध छापला, त्याने गोवराच्या लसीविषयी जगभर भय पसरविले. पण २०१० साली तो 'लॅन्सेट'नेच मागे घेतला. सर्वांना मनापासून मान्य असलेले उत्तर मागे कोणी घ्यायचे?

मग आजच्या परीक्षार्थीने काय करावे? उदाहरण घरगुती घेऊ. अपेंडिक्स. असे कुटुंब क्वचितच असेल की ज्यात कोणाचे तरी अपेंडिक्स काढलेले नाही. आमच्या शेजारच्या काकू आपल्या ऑपरेशनची तारीख लग्नाच्या तारखेसारखी सांगतात. अपेंडिक्स सुजले तर उपाय कोणता, याचे शंभराहून अधिक वर्षांचे उत्तर एकच: काढून टाकावे. आणि २०२० साली अमेरिकेतल्या १,५५२ रोग्यांच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांचे अपेंडिक्स काढले, निम्म्यांना नुसती प्रतिजैविके दिली. तीस दिवसांनी पाहिले तर औषधवाल्यांची प्रकृती शस्त्रक्रियावाल्यांहून वाईट नव्हती. पण त्यांतल्या दहांपैकी सुमारे तिघांना तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागली. आणि अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण आणखी जास्त होते.

ज्याने गोषवाऱ्याचे शेवटचे वाक्य वाचले, तो परीक्षेत सांगेल: 'सर, आता औषधाने भागते.' ज्याने काहीच वाचले नाही, तो सांगेल: 'काढावे.' दोघांपैकी दुसरा पास होण्याचा संभव अधिक, आणि मला विचाराल तर तो रोग्यालाही कमी धोक्याचा. ज्याने लेख पूर्ण वाचला तो खड्याविषयी बोलेल, आणि रोगी कुठे राहतो हेही विचारील. कारण तीन महिन्यांत पुन्हा पोट दुखले तर मुंबईचा माणूस अर्ध्या तासात रुग्णालयात येईल, आणि धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस कदाचित येऊच शकणार नाही. हे धडगाव कोणत्याही अमेरिकन जर्नलात नाही. ते वाचणाऱ्याने स्वतः आणायचे असते.

परीक्षार्थीने परीक्षेत शौर्य दाखवावे, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. रूढ उपाय विचारला असता रूढ उपाय सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. प्रश्नाचा अर्थच तो आहे. मात्र टेबलावर दिलेले उत्तर घरी नेताना त्यावर 'आजपुरते' अशी मनाशी चिठ्ठी लावून ठेवावी. एवढे तरी त्याला करता येते, आणि त्यासाठी जर्नल लागते. पुस्तक ही चिठ्ठी लावून देत नाही.

आता त्या दोन वाक्यांच्या खाली काय असते ते. परळच्या टाटा रुग्णालयात २००४ ते २०१४ या दहा वर्षांत एक चाचणी झाली. तोंडाचा कर्करोग, जो आपल्याकडे मुख्यतः तंबाखूने होतो, तो लवकर सापडला आणि मानेत गाठ लागत नसली, तर तोंडातला रोग काढताना मानेतल्या गाठीही काढून टाकाव्यात, की वाट पाहावी आणि पुढे गाठ आली तर काढाव्यात? काढल्या तर पुष्कळांची मान विनाकारण कापली जाईल, खांदा आखडेल. न काढल्या तर काहींचा रोग दडून वाढेल. जगभरचे जाणते लोक यावर कित्येक वर्षे वाद घालीत होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांची संमती घेऊन तोच चिठ्ठ्यांचा मार्ग धरला. ठरल्याप्रमाणे मध्येच हिशेब तपासला तेव्हा फरक इतका उघड होता की नवे रोगी घेणे थांबविण्यात आले. ५०० रोग्यांचा तो निकाल २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. मान आधीच साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा ८० जिवंत होते. वाट पाहिलेल्यांपैकी शेकडा ६७.५.

हे दोन आकडे आज एम.एस.च्या मुलांना तोंडपाठ असतात. ते पाठ असावेत असेच मी म्हणेन. पण हिशेब करून पाहा. शंभरांत बारा-तेरा माणसे. टाटाला येणाऱ्यांची वस्ती ज्याने पाहिली आहे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चटईवर पडलेली गावोगावची माणसे, परळच्या पदपथावर स्टोव्ह पेटवून भात टाकणाऱ्या बायका, त्याला हे बारा-तेरा डोळ्यांसमोर आणणे कठीण जाऊ नये. त्यांचे काही चुकले नव्हते. डॉक्टरांचेही नाही, तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक व्हायला दुसरा मार्ग नव्हता. ज्यांची चिठ्ठी वाट पाहण्याची निघाली, त्यांनी ते दशांश चिन्ह आपल्या देहाने लिहिले.

आपल्या परंपरेत तीन ऋणे सांगितली आहेत: देवांचे, ऋषींचे, पितरांचे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते म्हणतात. मला नेहमी वाटते की वैद्यकाच्या विद्यार्थ्याचे ऋषी परळच्या त्या पदपथावर बसलेले असतात. त्यांनी काही लिहिले नाही. पुण्याच्या त्या वीटकऱ्यासारखी त्यांचीही नावे कुठे नाहीत, आणि नसावीत हाच नियम आहे. त्यांचे ऋण फेडण्याचा विद्यार्थ्याजवळ एकच मार्ग: त्यांच्यामुळे जे कळले ते नीट, पूर्ण, त्याच्या मर्यादांसह जाणून घेणे. परीक्षेत त्याचे गुण मिळाले तर मिळोत बापडे. बँकेचे कर्ज फेडताना कोणी पावती घेतली म्हणून फेड खोटी होत नाही. परंतु आकडा उचलला आणि माणसे तिथेच टाकली, तर मात्र मी त्याला उचलेगिरी म्हणेन. हा शब्द कडक आहे, आणि मी तो विचार करून वापरला आहे.

त्याच वर्षी त्याच रुग्णालयातून डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांची दुसरी एक चाचणी प्रसिद्ध झाली. शरीरभर पसरलेला स्तनाचा कर्करोग औषधांना दाद देत असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढून काही लाभ होतो का? ३५० स्त्रिया. दोन वर्षांनी गाठ काढलेल्यांपैकी शेकडा ४१.९ जिवंत, न काढलेल्यांपैकी ४३. म्हणजे लाभ नाही. शस्त्रक्रियेच्या परीक्षेत 'कोणती शस्त्रक्रिया कराल?' या प्रश्नाला 'करणार नाही' असे उत्तर देण्याचे बळ असा निबंध देतो. सुरी हातात धरायला जेवढे वाचावे लागते, त्याहून अधिक ती खाली ठेवायला वाचावे लागते.

परीक्षेत आणखी एक माणूस असतो, त्याच्याविषयी कोणी लिहीत नाही. प्रात्यक्षिकासाठी बोलावलेला रोगी. वॉर्डातून किंवा ओपीडीतून त्याला विनवून आणतात. चहा, जेवण आणि परतीचे गाडीभाडे एवढाच त्याचा लाभ. दिवसभरात एकामागून एक मुले येतात, तीच हकीकत विचारतात, तेच पोट दाबतात. एका परीक्षेत बीडकडचे एक आजोबा असे बसले होते. तिसऱ्या खेपेपर्यंत त्यांना अभ्यासक्रम कळून चुकला होता. चौथी मुलगी घाबरली होती, हकीकत संपवून ती उठू लागली तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, "ताई, वजन घटलं का ते इचारलं न्हाई तुमी." ती पुन्हा बसली आणि तिने विचारले. मी पडद्याआड होतो. ऐकले नाही असे दाखविले. परीक्षेच्या कायद्याने हे कितपत बसते कोण जाणे. मुलगी गेल्यावर त्यांनी मला विचारले, "पास व्हईल का पोरगी?" ती पास झाली तर उद्या कोणाचे तरी पोट तिच्या हाती जाणार, हे त्यांना कळत नव्हते असे नाही, स्वतःचेच जायचे होते.

हे सगळे एका परीक्षेपुरते झाले. परीक्षा झाल्यावर काय, हा प्रश्न मला अधिक भेडसावतो, कारण शस्त्रवैद्याचा हात पुढे तीस-पस्तीस वर्षे चालतो आणि त्या काळात त्याला तोंडी प्रश्न विचारणारा कोणी नसतो. पुष्कळ खाजगी दवाखान्यांत जर्नलांच्या पाकिटांची प्लॅस्टिके तशीच न फोडलेली मी पाहिली आहेत. उलट नोकरीतल्या पदोन्नतीला छापील निबंध लागू लागल्यापासून कोणी वाचो न वाचो, लिहिणारे मात्र उदंड झाले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही झाली. परीक्षेपुरते वाचणाऱ्यापेक्षा बढतीपुरते लिहिणारा मला अधिक भयावह वाटतो. पहिल्याने निदान खऱ्या रोग्यांची हकीकत हातात धरलेली असते.

आमच्याकडे परीक्षा झाली की मुले आपल्या झेरॉक्स प्रती पुढच्या तुकडीला देऊन टाकतात. असा एक गठ्ठा मागे माझ्याकडे आला होता, तीन-चार जणांच्या हातांतून गेलेला. पहिल्या वाचकाने निष्कर्षाची दोन वाक्ये पिवळ्या शाईने रंगविली होती. दुसऱ्याने तीच वाक्ये पुन्हा गिरविली होती, इतकी की कागद विरला होता. बाकीची पाने कोरी करकरीत. फक्त सहाव्या पानावर, तक्त्याखाली अगदी बारीक अक्षरांत, किती रोगी पुन्हा तपासणीला आलेच नाहीत ते दिले होते, तेथे कोणीतरी पेन्सिलीने त्या आकड्याभोवती एक गोल काढला होता आणि बाजूला लिहिले होते, "हे कुठे गेले?"